खजराण्याचं स्वस्तिक सरळ करायला पाय निघत नाही

जिरावन (राजेंद्रनगर, इंदूर)

इथे मला सगळे पाककृतींमुळे ओळखतात. आज विषय वेगळा आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या ह्यांची बायपास झाली. तीन ब्लॉक होते. आता घरी आहेत आणि तब्येत चांगली आहे. छातीपेक्षा पायाचीच कुरकुर जास्त, कारण शीर पायातून काढतात, त्यामुळे टाके तिथेही. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची, असं सांगितलंय. ती उशी सध्या ह्यांच्याबरोबर घरभर फिरते, बाळ असल्यासारखी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी खजराण्याला जाऊन आले. बाहेरगावच्यांसाठी सांगते: खजराना गणेश म्हणजे आमच्या इंदूरचं दैवत, देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं असं सगळे मानतात. नवस बोलायचा तर गणपतीच्या पाठीमागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढायचं. मागणं पूर्ण झालं की परत येऊन सरळ काढायचं. मी काही फार नवसवाली नाही. पण त्या दिवशी कुंकवात बोट बुडवलं आणि उलटं स्वस्तिक काढलं. हात इतका थरथरत होता की एक पाय लांबच झाला.

आता खरं सांगायचं ते. आयसीयूबाहेरच्या हॉलमध्ये आम्ही नऊ दिवस होतो. एका माणसाला एकच पास, बाकीच्यांनी बाकड्यावर बसायचं. माझ्या शेजारी खरगोनकडच्या एक बाई होत्या. मुलगा सव्वीस वर्षांचा, मोटरसायकलचा अपघात. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, माझ्या डब्यात पोहे. तिसऱ्या दिवसापासून डबे एकत्रच उघडायला लागलो. रोज सकाळी त्या मला म्हणायच्या, “भगवान सब ठीक करेगा दीदी, आपका भी, मेरा भी.” मी हो म्हणायचे.

सातव्या दिवशी पहाटे ह्यांची नळी काढली. मी पुण्याला लेकीला फोन लावला आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, “देवाची कृपा गं, बाबा बोलले!” फोन ठेवून वळले तर त्या उभ्या होत्या. त्यांचा मुलगा रात्री गेला होता. मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी खाली चहाला गेले होते तेव्हा झालं सगळं. मराठी त्यांना येत नाही, पण ‘देवाची कृपा’ कळायला मराठी कशाला लागते?

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, “आपके ठीक हैं ना? चलो, अच्छा हुआ.”

त्यानंतर दोन बुधवार, म्हणजे इथले गणपतीचे वार, गेले. हे विचारतात, खजराण्याला कधी जायचं? मी म्हणते गर्दी असते. गर्दीचं काही नाही. देव चांगला आहे, हे म्हणायला मी जाणार, तर मग खरगोनच्या घरात तो कोण होता? आमचं सुरळीत झालं म्हणून चांगला, एवढाच त्याचा चांगुलपणा असेल तर तो मला नको वाटतो. आणि नको म्हणायचीही भीती वाटते, कारण हे अजून पुरते बरे झालेले नाहीत. हसा हवं तर.

पोहा_प्रेमी

काकू, काका बरे झाले हे वाचून आनंद झाला. फार विचार करू नका. ठेविले अनंते तैसेचि राहावे. काकांना काही दिवस सेव-कचोरी बंद!

तिरपागडा

अवघड प्रश्न आहे, पण माझ्या मते उत्तर सोपं आहे. काका वाचले ते सर्जनमुळे, भूलतज्ज्ञामुळे आणि तुम्ही वेळेत नेलंत म्हणून. त्या मुलाच्या डोक्याला मार लागला होता, बहुतेक हेल्मेट नव्हतं. यात कृपा-अवकृपा कुठून आली? ज्यांचं माणूस वाचतं ते भिंतीवर परत येऊन सरळ स्वस्तिक काढतात, ज्यांचं जातं ते येत नाहीत. म्हणून भिंत बघणाऱ्याला वाटतं की इथे सगळ्यांचं भलं होतं. न आलेल्यांची भिंत कुठेच नसते.

राग मानू नका. तुमचा स्वस्तिकावरचा संशय मला श्रद्धेपेक्षा जास्त प्रामाणिक वाटला.

जिरावन

@तिरपागडा, राग कशाचा. सर्जनना मी पेढे दिले, त्यांनी डायबिटीस आहे म्हणून नर्सला दिले. पण तुमच्या हिशेबातही माझं अडतंच. आभार मानायचे तर सर्जनचे मानीन, मान्य. पण ते शेजारच्या बाकड्यावर मानता येत नाहीत, ती अडचण तशीच राहते. माझा घसा तिथे बसलाय.

आणि हेल्मेट होतं. त्या रोज हॉलमध्ये ते मांडीवर घेऊन बसायच्या.

तिरपागडा

माफ करा. ते वाक्य लिहायला नको होतं.

देवघर

ताई, याचं उत्तर शास्त्रात दिलेलं आहे. प्रत्येकाचं प्रारब्ध वेगळं. देव कोणाचं वाईट करत नाही, आपलंच संचित फळतं. त्या मुलाचं आयुष्य तेवढंच होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, त्यांचा ऋणानुबंध तिथे संपला.

रामबागेतली

@देवघर, हे वाक्य ज्याच्या घरी कोणी गेलंय त्याच्या तोंडावर बोलून बघा. मला बोलले होते लोक. माझा भाऊ गेला तेव्हा, तेराव्याच्या आत तीन जणांनी ऋणानुबंध समजावला. त्यांतले दोघे जेवून गेले.

जिरावनताई, मी सहसा फक्त वाचते, लिहीत नाही. पण तुम्ही स्वस्तिकाचं लिहिलंत म्हणून लिहिते. मीही काढलं होतं, उलटं. भावाच्या किडनीसाठी. दीड वर्ष डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. तो गेला. माझं स्वस्तिक उलटंच राहिलं.

नंतर आठ महिने मी त्या रस्त्यानेसुद्धा गेले नाही. रिक्षावाल्याला म्हणायचे, बंगाली चौराह्यावरून घ्या, लांब पडलं तरी चालेल. पण रात्री डोळ्यांपुढे ते उलटं चिन्ह यायचं. भाऊ यायचा नाही, चिन्ह यायचं. एका सकाळी उठले, गेले आणि त्याच भिंतीवर सरळ काढलं. तिथे एक बाई होत्या, आनंदाने म्हणाल्या, “हो गई मन्नत पूरी?” मी नाही म्हणाले. त्या गप्प झाल्या आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

का काढलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आत्ता एवढंच सांगता येईल, मी गणपतीला म्हणाले: तू तुझं केलं नाहीस, मी माझं करते. भांडण मिटलंय असं नाही. पण दारात तरी जाते मी आता.

सराफ्यातला_रातकिडा

🙏

(काय लिहावं कळेना. पुढच्याने लिहा.)

गिरणीचा_भोंगा

रामबागेतली ताई, तुमच्या ‘मी माझं करते’ वरून मला माझे वडील आठवले. लांबलचक होईल, पण लिहितो.

आम्ही मिल कामगारांची पोरं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघतात. गाड्यांवर रोषणाई, हलणाऱ्या मूर्ती, पुढे आखाडे, आणि सगळं शहर रात्रभर रस्त्यावर. ही प्रथा शंभरीला पोचलीय. मिली केव्हाच बंद पडल्या, झांक्या अजून निघतात. वर्गणी गोळा करून, इकडून तिकडून मदत घेऊन, म्हातारे कामगारच करतात.

वडील आमच्या मिलच्या झांकीवर ‘हालचाल’ करायचे. म्हणजे हनुमानाचा हात वर-खाली, पूतनेचे डोळे फिरणं वगैरे. पंख्याची जुनी मोटर, सायकलची चेन, पुठ्ठ्याची चाकं. चेन उतरू नये म्हणून ते तिला मेणबत्तीचं मेण लावायचे, ग्रीस नाही, कारण ग्रीस गणपतीच्या सोवळ्यावर उडतं. दहा दिवस घरात मेणाचा वास.

दिवाळीचा बोनस मिळाला की पाकीट आधी देवासमोर ठेवायचे. हात जोडायचे नाहीत. नुसतं विचारायचे, “बघतोयस ना रे?” लहानपणी मला वाटायचं, देवाला पैसे मोजून दाखवतायत.

मग नव्वदीच्या सुरुवातीला एका डिसेंबरात मिल बंद झाली. संध्याकाळी फाटकावर कागद लागला. वडील घरी आले, चपला काढल्या, हातपाय धुतले, देवासमोर बसले आणि म्हणाले, “बघतोयस ना रे?” तेच वाक्य, त्याच आवाजात. आई आतून म्हणाली, आता तरी दोन शब्द जास्त बोला त्याच्याशी. वडील म्हणाले, एवढंच बोलतो मी नेहमी, आज वाढवलं तर त्याला वाटेल आपण कामापुरते येतो.

मला त्यांचं हेच कळायला अर्धं आयुष्य गेलं. बोनसच्या दिवशी ते उपकार मानत नव्हते. फाटक बंद झालं तेव्हा तक्रारही करत नव्हते. दोन्ही दिवशी त्याला हजेरी लावायला सांगत होते. आपण काय करतो? बरं चाललं असताना देवाचा पत्ताही नसतो आपल्याला, मग आयसीयूत एकदम ओळख काढतो.

कामगारांच्या थकीत पैशांचा खटला ३२ वर्षं चालला. वडील मध्येच, २००९ साली गेले. शेवटपर्यंत झांकीचं काम सोडलं नाही. २०२३च्या डिसेंबरात पैसे मिळाले तेव्हा आई खाते-पुस्तक घेऊन देवासमोर बसली. मला वाटलं, आता ही रडणार. तिने पुस्तक उघडून देवाकडे धरलं आणि म्हणाली, “बघ. उशीर केलास.” आणि उठून चष्मा करायला निघाली. सहा वर्षं जुन्या नंबरवर काढली होती.

पोहा_प्रेमी

भिया, जबरदस्त. माझा वरचा ‘ठेविले अनंते’ वाला प्रतिसाद काढून टाकता येईल का? संपादक?

तिरपागडा

राहू दे रे. कोणी तरी तो लिहिल्याशिवाय धागा पूर्ण होत नाही. (धागा बांधलाय म्हणजे नवस आलाच.)

नर्मदाकाठ

मी महेश्वरचा, आता नोकरीला इंदुरात. अहिल्याबाईंचं नाव आलं म्हणून.

आपण त्यांना हातात शिवलिंग घेतलेल्या, शांत चेहऱ्याच्या पुतळ्यात बसवून टाकलंय. हुकूम ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ निघायचे, हे शाळेत शिकवतात. घरातलं सहसा शिकवत नाहीत. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला. १७६६ साली मल्हारराव, म्हणजे सासरे, ज्यांनी त्यांना सती जाऊ दिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. म्हातारपणी नातू, मग जावई, आणि १७९१ साली मुलगी मुक्ताबाई नवऱ्याबरोबर चितेवर चढली. आईने विनवण्या केल्या, तरी.

माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्यात होता, त्याने लोकांकडून ऐकून त्या दिवसाचं लिहून ठेवलंय. मुलीची चिता पेटली तेव्हा बाईंचा धीर सुटला, दोन ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवलं होतं. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात गेल्या आणि तीन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही. एक शब्दही बोलल्या नाहीत.

मला वाटतं, या तीन दिवसांचा पुतळा कोणी करत नाही. आज्ञा ज्याच्या नावाने काढायची त्या शंकराशीसुद्धा तीन दिवस अबोला. मग उठून मुलीची छत्री, म्हणजे स्मारक, बांधायला घेतली. त्या तीन दिवसांत त्यांची श्रद्धा गेली होती का? मी तरी म्हणणार नाही. जिरावनताई, तुमचे अजून दोनच बुधवार झालेत.

ग्वाल्हेरची_सून

नर्मदाकाठ, छान लिहिलंत.

आमच्या सासूबाई कीर्तनाला जायच्या, त्यांच्याकडून ऐकलेलं. दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं, बायको अन्नावाचून गेली, आणि नंतर ते देवाला म्हणतात, बरं झालं हे दिवाळं निघालं. हे ऐकून मी सासूबाईंना म्हटलं होतं, असं कसं म्हणवतं माणसाला? त्या म्हणाल्या, स्वतःच्या दिवाळ्याला म्हणाले ते. शेजारच्या वाण्याकडे जाऊन, तुझं दिवाळं निघालं हे बरं झालं, असं नाही सांगितलं. तो अधिकार कोणालाच नाही.

ही गोष्ट लग्नाच्या पहिल्या वर्षातली. नंतर दर वेळी कोणाकडे भेटायला जाताना आठवते आणि मी तोंड बंद ठेवते. प्रारब्धवाल्यांनीही ठेवावं.

देवघर

@ग्वाल्हेरची_सून, पोचलं. मला दिलासाच द्यायचा होता. आमच्या घरात आम्हाला हेच सांगितलं गेलं, म्हणून तेच पुढे सांगतो. रामबागेतली ताई, दुखावलं असेल तर क्षमा करा.

रामबागेतली

ठीक आहे दादा.

मंगळवारचा_उपास

मी जरा वेगळं बोलू का? मला वाटतं जिरावनताईंना उत्तर तिथेच मिळालं होतं. ज्या बाईचा मुलगा गेला ती दुसरीला म्हणते ‘अच्छा हुआ’. देवाचा चांगुलपणा आणखी कसा दिसायला हवा? तो त्या बाईच्या रूपाने आला होता.

जिरावन

@मंगळवारचा_उपास, हे माझ्याही मनात आलं होतं. आलं आणि मलाच राग आला. त्या बाईंचा मुलगा गेला, तो काय मला चांगुलपणा दिसावा म्हणून? त्या माझ्यासाठी दृष्टांत व्हायला हॉलमध्ये बसल्या नव्हत्या. त्या चांगल्या आहेत, हे त्यांचं. ते देवाच्या खात्यावर लगेच जमा करायची घाई मला नाही करवत.

जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या, तशा मला येत नाहीत, नाहीतर घातल्या असत्या. पण भोंगादादा, तुमच्या वडिलांचं ‘बघतोयस ना रे’ मी काल रात्री दिवा लावताना म्हणून बघितलं. आपल्याला न शोभणारा कपडा घातल्यासारखं वाटलं. तरी म्हटलं.

सराफ्यातला_रातकिडा

काकू, काय झालं पुढे? आठवडा झाला.

जिरावन

गेले होते. बुधवार टाळला, शुक्रवारी सकाळी गेले. हे पण आले, उशी घेऊन. त्यांना बाहेर लाडवाच्या दुकानाशी खुर्ची मिळाली, दुकानदाराशी मोतीचूर आणि बुंदीवरून वाद घालत बसले. खायची परवानगी नाही, वादाची आहे.

मागच्या भिंतीवर इतकी स्वस्तिकं, एकावर एक, की माझं कोणतं ते कळेना. लांब पायाचं शोधलं. तसली दहा-बारा तरी होती. सगळ्यांचेच हात थरथरत असणार. मग एका मोकळ्या कोपऱ्यात सरळ काढलं. ‘कृपा’ म्हटलं नाही. रामबागेतली ताई, तुमचं वाक्य उसनं घेतलं, अर्धंच: मी माझं करते.

घरी येऊन खरगोनला फोन लावला. नंबर पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर त्यांच्या दिराने लिहून दिला होता, मी ते झाकण अजून घासलं नव्हतं. काय बोलायचं ते तीनदा मनात जुळवलं होतं, त्यातलं काही बोलावंच लागलं नाही. त्यांनी पहिलं विचारलं, “भाईसाहब का पैर सूखा?”

महिनाभर जो येतो तो हृदयाचं विचारतो. पायाचं कोणी विचारत नाही. ह्यांना सांगितलं तर दोन मिनिटं गप्प बसले आणि मग पायजमा वर करून जखम स्वतःच बघत राहिले. गुडघ्याखाली अजून जरा ओली आहे.

मी त्यांना मुलाचं विचारलं. मग बराच वेळ त्या बोलल्या, मी ऐकलं. ते इथे नाही लिहीत.

फोन ठेवताना म्हणाल्या, शेताच्या बांधाला अंबाडी राहिलीय, कोवळी आहे तोवर पाठवते. उद्या संध्याकाळच्या बसने कंडक्टरकडे देणार आहेत. पोतं म्हणाल्यात, जुडी नाही. आम्ही दोघं किती खाणार? राजेंद्रनगर, सुदामानगरच्या कोणाला हवी असेल तर रविवारपर्यंत सांगा. पानं खुडून ठेवते. भाजीत ज्वारीच्या कण्या घालायच्या आणि लसणाची फोडणी वरून. तेल जरा सढळ हाताने, आमच्या घरी सोडून.